चाकांवरच्या घरात दहा आठवडे



परवा रात्री जेवण आटोपून भांडी विसळत होते, तेवढ्यात बाळचा फोन आला. "ताई, गाडी विकली." मी म्हटलं, "ट्रक विकलास? मग घर ओढणार कशानं?" तर म्हणाला, "ट्रक पण आणि घर पण. शनिवारी एक जोडपं आलं, बघितलं आणि घेऊन गेलं. वळणापर्यंत मी हात करत उभा होतो. मुलीला सासरी पाठवतात ना, तसं." आणि हसला. पण त्याचं हसणं मी सत्तर वर्षं ऐकते आहे, मला काही त्याला फसवता येत नाही.

फोन ठेवल्यावर झोप लागेना. त्या दहा आठवड्यांबद्दल लिहायचं कधीपासून राहून गेलंय, ते आज लिहून टाकते. नातेवाईक मंडळींपैकी काहींना यातली एक गोष्ट पहिल्यांदाच कळेल. बाळला विचारूनच लिहिते आहे.

बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ. सत्तरी ओलांडली तरी घरात सगळे त्याला बाळच म्हणतात. १९७६ साली शिकायला अमेरिकेत गेला आणि ओहायोमध्ये नोकरी करून तिथलाच झाला. २०१५ मध्ये निवृत्त झाल्यावर दोघा नवराबायकोंनी तिथलं चार खोल्यांचं, तळघराचं, हिरवळीचं घर विकलं आणि आरव्ही घेतली. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. त्यात बऱ्याच जाती असतात. काहींत पुढे ड्रायव्हरची सीट आणि मागे घर, बससारखं. बाळची दुसऱ्या प्रकारची, 'फिफ्थ व्हील' म्हणतात ती. पिकअप ट्रकच्या हौद्यात मधोमध एक जोड असतो, त्यावर घराचं नाक टेकवायचं आणि ओढत न्यायचं. मुक्कामाला पोचलं की घर सोडून ठेवायचं आणि ट्रक घेऊन भाजी आणायला जायचं! तीस फूट लांब, आत पलंग, सोफा, ओटा, न्हाणीघर, सगळं. बटण दाबलं की बैठकीची एक भिंत खणासारखी बाहेर सरकते आणि खोली मोठी होते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोरासारखं तीन वेळा करायला लावलं.

वर्षाचे बाराही महिने असं राहणाऱ्यांना तिकडे 'फुलटायमर' म्हणतात. त्यांत बरेच निवृत्त. घर नाही, तर पत्ता कुठला द्यायचा? आमच्या बाळचा पत्ता साऊथ डाकोटाचा होता. तिथे टपाल पुढे पाठवणाऱ्या संस्थेकडे नाव नोंदवायचं, त्या राज्यात एक रात्र राहिल्याची पावती दाखवायची, की वाहन परवाना मिळत होता. ज्या गावात उभ्या आयुष्यात एक रात्र काढली त्या गावचा रहिवासी! माझ्या नागरिकशास्त्राच्या तासाला कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

आता तुम्हाला वाटेल, काय मजा असेल, रोज नवं गाव. त्यांनाही तसंच वाटलं होतं. पहिल्या वर्षी बाळने तक्ता केला होता. कोणतं राज्य, किती मैल, काय बघायचं, कुठे जेवायचं. इंजिनिअर माणूस! दिवसाला चारशे-पाचशे मैल चालवायचा. सकाळी निघायचं, अंधारात पोचायचं, अनोळखी जागी टॉर्चच्या उजेडात पाण्याची नळी जोडायची, दोघांनी एकमेकांवर ओरडायचं, दुसऱ्या दिवशी धबधबा बघायचा की पुन्हा रस्ता. भावजय म्हणाली, "वन्सं, आठ महिन्यांत एवीस राज्यं झाली आणि आम्ही एकमेकांशी धड बोलेनासे झालो." (ती मला वन्सं म्हणते. लग्नात तिच्या आईने शिकवलेला शब्द तिने अमेरिकेत इतकी वर्षं जपून ठेवलाय. इथे आता कुणी म्हणत नाही.)

मग न्यू मेक्सिकोत टुकमकारी नावाचं गाव आहे, तिथे जवळ आल्यावर घराचं एक टायर फुटलं आणि खालचा आसही वाकला. नवा यायला सहा दिवस लागणार होते. सहा दिवस! बाळ पहिल्या दिवशी तक्ता दुरुस्त करत बसला. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला चार वेळा विचारून आला. तिसऱ्या दिवशी काहीच उरलं नाही तेव्हा दोघं चालायला गेली. जुन्या रूट ६६ वरचं गाव, जुन्या मोटेलांच्या निऑनच्या पाट्या. संध्याकाळी त्या पाट्या एकेक करून लागताना बघत एका कठड्यावर बसली. चौथ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली. सातव्या दिवशी निघताना, ती सांगते, बाळने तक्त्याचा कागद चहाच्या गाळाबरोबर कचऱ्यात टाकला.

त्यानंतर त्यांनी एक नियम केला. तो त्यांचा शोध नव्हे, या लोकांत बराच प्रचलित आहे. एका दिवसात तीनशे मैलांहून जास्त जायचं नाही, दुपारी तीनच्या आत पोचायचं आणि एका जागी किमान तीन दिवस राहायचं. त्यांचे तीन दिवस पुढे वाढत वाढत तीन आठवडे झाले, मग तीन महिने. मी गेले ते याच टप्प्यावर.

मी का गेले? हे २०१६ साली गेले. मुलगा पुण्यात, सून नोकरीची, नातू त्याच्या क्लासमध्ये. साताऱ्याच्या घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. छत्तीस वर्षं घंटेवर जगलेली बाई मी. पहिली घंटा, प्रार्थना, आठ तासिका, मधली सुट्टी. इतिहास-भूगोल, पाचवी ते दहावी. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती तरी अकरा वाजले की पाय आपोआप दाराकडे वळायचे. रिकामपण नको म्हणून मी किती उद्योग लावून घेतले होते, तुम्हाला माहीतच आहे. वाचनालय, भिशी, ज्येष्ठ नागरिक संघाचा हिशोब, दोन मुलांची शिकवणी. बाळ दरवर्षी म्हणायचा, "ताई, ये ना, राहायला ये." मी दरवर्षी म्हणायची, "बघू, यंदा जमणार नाही." शेवटी २०१९ च्या जानेवारीत तिकीटच पाठवलं त्याने.

जाताना मी वहीत यादी करून नेली होती. ग्रँड कॅन्यन, लास व्हेगास, हूव्हर धरण (तिसरीकडे कुठे नाही तरी हे बघायचंच, किती वर्षं शिकवलंय!), हॉलिवूड, सॅन फ्रान्सिस्कोचा पूल. फिनिक्सच्या विमानतळावर बाळ घ्यायला आला. ट्रकमध्ये बसल्या बसल्या वही काढली. त्याने नुसती मान हलवली आणि म्हणाला, "बघू. आधी चहा पिऊ."

फिनिक्सपासून पश्चिमेला सव्वाशे-दीडशे मैलांवर क्वार्टझसाईट नावाचं वाळवंटातलं लहानसं गाव आहे. उन्हाळ्यात तिथे माणूस थांबत नाही. हिवाळ्यात मात्र उत्तरेकडच्या बर्फातून निघून हजारो आरव्ही येऊन उतरतात. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाची सरकारी जमीन आहे, अकरा हजार एकरांहून मोठी. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल तिथे राहायची परवानगी. आम्ही होतो त्या मोसमाची फी होती १८० डॉलर. सात महिन्यांची बरं का! त्यात मिळतं काय? जमीन. वीज नाही, नळजोड नाही, हद्दीची रेघसुद्धा नाही. वाटेल तिथे घर उभं करा. एका ठिकाणी पाण्याचा नळ, एका ठिकाणी मैलापाणी सोडायची सोय आणि कचऱ्याची जागा, झालं. वीज छपरावरच्या सोलर पॅनेलची, स्वयंपाक गॅसच्या टाकीवर.

मी दार उघडून खाली उतरले आणि बघतच राहिले. म्हणजे बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून! खडी पसरल्यासारखी काळपट जमीन, गुडघ्याएवढी झुडपं, लांब दातेरी डोंगर. आमच्या माण तालुक्यात माणदेशी उन्हाळा बघितलेल्या बाईला वाळवंटाचं काय कौतुक? दिवसा हवा छान, वीस-एकवीस अंश, रात्री मात्र पाच-सहावर यायची. शंभर पावलांवर दुसरी गाडी, त्यापलीकडे तिसरी. मी विचारलं, "इथे किती दिवस?" बाळ म्हणाला, "मार्च संपेपर्यंत."

मंडळी, खरं सांगते, मला रडू आलं.

पहिले तीन आठवडे मी तिथे फार वाईट वागले. सकाळी पाचला उठून खुडबुड करायची. तीस फुटांच्या घरात एकजण उठला की तिघं उठतात. भावजय आठ वाजता चहाचा कप घेऊन बाहेर खुर्चीत बसायची ती दहापर्यंत. मला ते बघवायचं नाही. "भाजी निवडू का? कपडे धुवायचेत का?" सारखं विचारायची. कपाटं तर तीन वेळा लावून झाली. एकदा दोघं चालायला गेली असताना मी उपकार म्हणून सगळी भांडी घासून काढली, आमच्या पद्धतीने, नळ सोडून, खळखळून. शिवाय रोजची माझी आंघोळ. गाडीत चांगल्या पाण्याची टाकी साठ गॅलनची, म्हणजे सव्वादोनशे लिटर. ती दोघं त्यात दहा-बारा दिवस काढायची. मी आल्यावर चौथ्या दिवशी टाकी रिकामी आणि सांडपाण्याची टाकी तुडुंब! न्हाणीघराच्या मोरीतून पाणी उलटं वर यायला लागलं, त्यात माझी कोथिंबिरीची देठं तरंगत होती. मग काय, बाहेर सरकवलेली भिंत आत घ्या, कपबशा बंदिस्त करा, पायरी उचला, घर ट्रकला जोडा, सगळा संसार ओढत नेऊन पाणी सोडून या. अर्धा दिवस गेला. बाळ एक शब्द बोलला नाही. भावजयीने दुसऱ्या दिवशी मला एका वाटीभर पाण्यात तीन ताटं कशी धुवायची ते दाखवलं. आधी कागदाने पुसायची, मग फवाऱ्याच्या बाटलीने. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी भांडी घासायला शिकले.

पण त्यामुळे एक झालं. पाणी जपून वापरायचं म्हणजे प्रत्येक काम सावकाश करावं लागतं. घाईने तांब्या ओतला की गेला. तसंच विजेचं. ढग आले की मिक्सर नाही, चटणी खलबत्त्यात. माझी घाई कुणी उपदेश करून कमी केली नाही, टाकीने केली.

तिथल्या दिवसाला कामं नव्हती असं नाही. उलट एकेका कामाला दिवस लागायचा. टपाल आणायचं म्हटलं तर गावच्या पोस्टात जनरल डिलिव्हरीची रांग, हिवाळ्यात ती पार दाराबाहेर. मी पहिल्यांदा घड्याळ बघत उभी होते. माझ्या पुढे-मागे सगळे सत्तरी-ऐंशीचे, गप्पा मारत होते. टपाल मिळाल्यावर काहीजण बाहेर जाऊन पुन्हा गप्पाच मारत उभे! वाणसामानाला आम्ही वीस मैलांवर ब्लाईथला जायचो. मध्ये कोलोरॅडो नदी, नदीपलीकडे कॅलिफोर्निया, आणि तिथलं घड्याळ एक तास मागे. दहाला निघालो तर साडेनऊच्या आत पोचायचो. परत येताना तो तास पुन्हा जायचा. मग १० मार्चला कॅलिफोर्नियाने घड्याळं पुढे केली. ॲरिझोनाचा बहुतेक भाग हा घड्याळ बदलण्याचा उद्योग करतच नाही. त्यामुळे त्या दिवसापासून दोन्हीकडे एकच वेळ! अक्षांश-रेखांश मी जन्मभर शिकवले, पण वेळ ही अशी नदी ओलांडण्याची गोष्ट आहे हे पोरांना कधी सांगता आलं नव्हतं. तोवर मी मनगटी घड्याळ काढून ठेवलं होतं, हेही सांगते. ते अजून बंदच आहे.

शेजारी मोंटाना राज्याचे एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे, एकटे. जन्मभर ट्रक चालवला म्हणाले. त्यांच्या गाडीखाली दिवसभर घुर्र घुर्र आवाज यायचा. मी बाळला विचारलं तर तो मला घेऊनच गेला. एक लहानसं पिंप आडवं ठेवून फिरत होतं. आत खडे, पाणी आणि खरखरीत पूड. खडे एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. क्वार्टझसाईट हे अशा दगडांच्या शौकिनांचं गाव, हिवाळ्यात मोठा बाजार भरतो. आजोबांनी मला माळावरून एक खडा निवडायला सांगितलं. मी एक तपकिरी, ओबडधोबड उचलला. त्यांनी तो पिंपात टाकला. "उद्या मिळेल?" मी विचारलं. बाळने भाषांतर केलं आणि दोघं हसले. पहिला आठवडा जाडी पूड, दुसरा मध्यम, तिसरा बारीक, चौथा पॉलिश. महिनाभर! तरी मी तिसऱ्या दिवशी जाऊन विचारून आलेच.

गावात एक थडगं आहे. पिरॅमिडसारखं, माथ्यावर धातूचा उंट. १८५६ साली अमेरिकेच्या लष्कराने वाळवंटात ओझी वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर उंट हाकणारी माणसंही आणली. त्यांतला हा एक, हाजी अली. तिकडच्या लोकांच्या तोंडी त्याचं 'हाय जॉली' झालं. पुढे यादवी युद्ध आलं, उंटांचा प्रयोग बारगळला, हा मात्र तिथेच राहिला. १९०२ मध्ये वारला. १९३५ साली राज्याच्या महामार्ग खात्याने त्याचं हे स्मारक बांधलं. बाळ त्या दगडी पिरॅमिडला हात लावून म्हणाला, "ताई, माझ्या नावाचंही त्यांनी असंच काहीतरी केलं होतं ऑफिसात. चाळीस वर्षं तेच ऐकलं. आईने हाक मारलेलं नाव आता तूच एकटी घेतेस." मी काही बोलले नाही. पण ते 'आईने' ऐकल्यापासून माझं काहीतरी बिघडलं.

आता ती गोष्ट.

आमची आई १९९२ च्या एप्रिलमध्ये गेली. माझ्याकडेच होती. हृदयाचा त्रास, वर्षभर कमीजास्त चाललेला. बाळला मी "ठीक आहे" असंच लिहायची. त्या एप्रिलमध्ये एका रविवारी तिने मला जवळ बोलावलं आणि बाळला बोलवायला सांगितलं. माझ्याकडे दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, तारीख ठरलेली, शिवाय घरचं, शिवाय तिचं पथ्यपाणी. चौकात आयएसडीचा बूथ होता, घरापासून दहा मिनिटांवर. मी म्हटलं, "हे गठ्ठे जाऊ देत, येत्या रविवारी निवांत फोन करते." गुरुवारी पहाटे ती गेली. बाळ पाचव्या दिवशी पोचला. सगळ्यांना मी सांगितलं, अचानक झालं. त्यालाही. ह्यांनासुद्धा खरं सांगितलं नव्हतं.

सत्तावीस वर्षं मी हे बाळगलं. बाळगलं म्हणण्यापेक्षा, वेळच दिला नाही त्याला. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात, घरातून बाजारात. निवृत्तीनंतर वाचनालयातून भिशीत. रात्री आडवी झाले की मेल्यासारखी झोप. आणि या माळावर, साडेसहाला अंधार पडल्यावर, तिघं तीन खुर्च्यांत पांघरुणं घेऊन बसलेली असायची. ना टीव्ही, ना भेटायला येणारं कुणी. लांब कोल्ह्यांसारखे कोयोटे ओरडायचे. उठून जायला निमित्तच नव्हतं. पहिल्यांदा मला वाटायचं की मला कंटाळा आला आहे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कळलं की हा कंटाळा नव्हे, मला भीती वाटते आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी एका रात्री बाळ सहज म्हणाला, "आईला हे आकाश आवडलं असतं." आणि मी सांगून टाकलं. सगळं. गठ्ठे, बूथ, रविवार.

तो ऐकत होता. अंधार होता, चेहरा दिसत नव्हता. माझं झाल्यावर तो उठला आणि चालायला लागला. भावजय म्हणाली, "जाऊ द्या त्यांना, वन्सं." तास-दीड तासाने आला आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे "मीठ दे" एवढंच. तीस फुटांचं घर, एकच दार, पलंगावरून उठलं की दुसऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. इथे साताऱ्यात असतो तर तो कुणाकडे तरी निघून गेला असता, मी संघाच्या ऑफिसात जाऊन बसले असते, चार दिवसांनी दोघं काही घडलंच नाही असं वागलो असतो. तिथे ती सोय नव्हती. भावजय तीन कप चहा करून तीन खुर्च्यांपाशी ठेवायची. तिघं प्यायचो. वाळवंटात पाऊस पडून गेला होता. झुडपांचा तो कडवट, औषधी वास सगळीकडे भरलेला, आणि आम्ही गप्प. मी मनात परतीच्या तिकिटाची तारीख बदलून घ्यायचा विचार करत होते. त्यालाही फिनिक्सपर्यंत त्यानेच सोडायला हवं!

चौथ्या दिवशी सकाळी त्याने ट्रकच्या हौद्यात प्लास्टिकचे कॅन टाकले आणि म्हणाला, "ताई, चल, पाणी आणू." नळापाशी रांग होती. आमची पाळी आल्यावर त्याने कॅनच्या तोंडात नळी सोडली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काय म्हणाली होती ती? नेमके शब्द सांग."

मी सांगितले. "बाळला बोलव. घाई नाही म्हणावं, पण बोलव."

"पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. कॅन भरून वाहायला लागला. इतकी पाण्याची काटकसर करणारा माणूस, त्याला भान नव्हतं. मागच्या बाईंनी पुढे होऊन हळूच नळ बंद केला. बाळने डोळे पुसले, पुढचा कॅन लावला. आम्ही सहाही कॅन भरले. परत येताना तो म्हणाला, "मलाही तेव्हा यायचं होतं ताई, पण प्रोजेक्ट संपू दे म्हणत होतो. जूनचं तिकीट बघून ठेवलं होतं." एवढंच. त्याने मला माफ केलं का, मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. दुपारी त्याने गोळा भात करायला सांगितला, आई करायची तसा, आणि चिंचेचं सार. तो जेवला.

त्यानंतरचे चार आठवडे कसे गेले ते मला सांगताच येणार नाही, कारण काही घडलंच नाही. दक्षिणेला कोफाचं अभयारण्य आहे, तिथल्या एका घळीत, कड्यांच्या फटीत ताडाची झाडं आहेत. भर दुपारी थोडा वेळच ऊन त्यांच्यापर्यंत पोचतं. आम्ही तिथे डबा घेऊन गेलो आणि ऊन येऊन जाईपर्यंत बसलो. सग्वारो नावाचा उंच निवडुंग बघितला. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम इंच-दीड इंच वाढतो, आणि त्याला फांदी फुटायला पन्नास-साठ-सत्तर वर्षं लागतात. मार्चमध्ये माळावर पिवळी फुलं आली. भावजयीबरोबर मीही आठ ते दहा खुर्चीत बसायला लागले. कधी बोलायचो, कधी नाही. तिच्या आईबद्दल, नागपूरच्या घराबद्दल, ओहायोतल्या पहिल्या हिवाळ्यात ती कशी दार लावून रडायची त्याबद्दल मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. वहीतल्या यादीपैकी एकच ठिकाण बघून झालं, हूव्हर धरण. तेही निघायच्या आठवड्यात बाळने, "तुझ्या दहावीच्या पोरांसाठी" म्हणून नेलं. बाकी यादीच्या पुढच्या पानांवर मी भावजयीच्या पाककृती लिहिल्या आहेत.

मोंटानाच्या आजोबांनी निघायच्या आदल्या दिवशी माझा खडा आणून दिला. आत मधाच्या रंगाच्या रेघा निघाल्या. अत्ता या टेबलावर वीजबिलांवर ठेवलेला आहे.

बाळची नजर गेली दोन वर्षं उतरत चालली होती. मध्यभागी धूसर दिसतं, कडेचं नीट. तीस फुटांचं घर ओढणाऱ्याला ते कसं चालणार? भावजयीने काही महिने चालवून बघितलं, पण मागे घेताना तिचा खांदा भरून यायचा. आता दोघं ओहायोत लेकीच्या घराजवळ दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलीत. परवा फोनवर म्हणाला, "ताई, इथे खिडकीतून रोज तेच दिसतं. समोर पार्किंग आणि एक मेपलचं झाड." मी म्हटलं, "झाडाला काय झालं? त्याच्याकडे बघ." तर म्हणाला, "बघतोय. आज तीन पानं लाल झालीत."

डिसेंबरमध्ये दोघं इकडे येताहेत, माझ्याकडेच. वरची खोली झाडून घेतली आहे, गाद्या उन्हात टाकल्या आहेत. कोणत्या विमानाने येणार, मुंबईला उतरणार की पुण्याला, सगळं विचारून घेतलं. किती दिवस राहणार ते विचारायचं तोंडावर आलं होतं, तेवढ्यात तोच म्हणाला की परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही.

बरं, म्हटलं. आणि लोणच्याचं काय हवंय ते विचारलं.